नानांच्या जीपचा नंबर

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की लोक आधी मोत्यांचं विचारतात, मग बिर्याणीचं. मी दहा दिवस राहिले आणि दोन्हींच्या वाटेला गेले नाही. मलकपेठच्या एका गल्लीत, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून जेवढं हैदराबाद दिसतं तेवढं मी पाहिलं. चारमिनार लांबूनसुद्धा दिसला नाही. तेव्हा हे वाचून कुणाला सहलीचा बेत आखायचा असेल, तर त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण शोधावं.

मी गेले होते जीप घेऊन. ही जीप माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, म्हणजे तिनेही पन्नाशी कधीच ओलांडली. माझे वडील, नाना, जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. उदगीर आणि देवणीच्या आसपासची सगळी खेडी त्यांनी हिच्यातून पालथी घातली. गाडी मात्र सरकारी नव्हती. मी शाळेत असताना हैदराबादच्या एका लिलावातून त्यांनी ती स्वतःच्या पैशाने उचलून आणली होती. आई म्हणायची, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती."

आई आता नाही. नाना शहाऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि बोलणं अडखळायला लागलं. कोण आहे आणि कोण गेलं यात त्यांचा अधूनमधून घोटाळा होतो. वर्षभर त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. दोनदा मी भाड्याची मोटार दारात आणून उभी केली, तर "या बंद डब्यात मी बसत नाही" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांची मागणी एकच होती. देवणीच्या बाजारात एकदा जायचं, आपल्या जीपमधून, आणि बैल बघायचे. देवणी जातीच्या जनावरांत त्यांची सगळी नोकरी गेली. मी शब्द दिला की दसरा झाला की जाऊ.

शब्द देताना जीप दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरत होते, स्टिअरिंग बोटभर सैल होतं आणि नोंदणीची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. मुदत वाढवायची तर गाडी तपासणीला उभी करावी लागते आणि या अवस्थेत ती फाटकातच नापास झाली असती. आमच्या गावातले मेकॅनिक हिच्याकडे बघून हसतात. हिला हात लावू शकेल असा एकच माणूस आम्हाला ठाऊक होता, मलकपेठचे याकूब उस्ताद. म्हणून भाद्रपद सरता सरता, नानांना भावाच्या स्वाधीन करून मी निघाले.

उदगीर ते मलकपेठ

सकाळी सहाला निघाले. शेजारच्या सीटवर नानांनी बसल्या जागेवरून सांगून ठेवायला लावलेलं सामान होतं. पाण्याचे दोन कॅन, जुन्या धोतराचे फडके, तारेचं भेंडोळं आणि एक कच्चा बटाटा. बटाट्याचं कारण मी विचारलं नाही, कारण लहानपणापासून माहीत होतं. हिचा वायपर मनात येईल तेव्हाच फिरतो.

चाळीसच्या पुढे काटा नेला की जीप अशी थरथरते की आपलेच दात मोजता येतात. त्यामुळे मागून येणारी सगळी दुनिया मला ओलांडून गेली, आणि ओलांडताना प्रत्येकाने वळून पाहिलं. पांढऱ्या केसांची बाई उघड्या जीपमध्ये एकटी, हे दृश्य आमच्याकडे अजून पचनी पडलेलं नाही. बीदर सोडल्यावर ऊन चढलं आणि एका चढावर इंजिन गप्प झालं. नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. बॉनेट उघडलं, धोतराचा फडका भिजवून पंपाला गुंडाळला आणि बाभळीखाली बसून राहिले. एक ट्रकवाला थांबला. उतरून त्याने जीपला एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली.

"मॅडम, बेचनी है क्या?"

इतक्या वर्षांत जीप बंद पडली की मदतीला येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "सोच लो, अब इसकू संभालनेवाले कौन हैं," आणि निघून गेला. फडका तीनदा भिजवल्यावर इंजिन चालू झालं. त्या माणसाचं बोलणं मात्र जहीराबादपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शहराच्या तोंडाशी पाऊस आला. वायपर अर्थातच फिरला नाही. मी बाजूला थांबून बटाटा कापला, अर्धा काचेवर चोळला आणि त्या धुरकट काचेतून, उड्डाणपुलांच्या चक्रव्यूहात दोनदा चुकून, नामपल्ली स्टेशनसमोर पोचले. तिथे एका रिक्षावाल्याला मलकपेठचा रस्ता विचारला. त्याने रस्ता नीट सांगितला आणि मग विचारलं, "आपा, गाडी बेचते क्या?"

मलकपेठला माझी मावसबहीण राहते, कुमुदआक्का. सत्तरीची आहे आणि तिचा जन्म, लग्न, वैधव्य सगळं हैदराबादेतच झालं. दार सताड उघडं टाकून ती पायरीवर बसली होती.

"तू येणार बोलून दार उघडंच ठेवली मी," ती म्हणाली. "इतका उशीर कायकू केलीस? मी इकडे परेशान!"

आक्काची मराठी ऐकली की मला आधी हसू येतं आणि मग दोन दिवसांत मीही तशीच बोलायला लागते. जेवायला भाकरी होती आणि अंबाडीची भाजी, जिला ती गोंगुरा म्हणते आणि आमच्या तिप्पट आंबट करते. आमच्याकडे चिंच आमटीत घालतात. तिच्याकडे चिंचेत थोडी आमटी घालतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने विचारलं, "आणि नाना? खरंच जातील का देवणीला?"

"गाडी झाली की जातील," मी म्हटलं.

उस्ताद

घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे, त्याच्या मागच्या अंगाला याकूब उस्तादांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, कडुनिंब आणि त्याखाली एक खड्डा. पूर्वी या गल्लीत अशी सहा होती. आता मोबाइलची दुकानं आहेत, एक केस कापायचं सलून आहे आणि उस्ताद आहेत. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात असतात. वय त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण नानांपेक्षा फार लहान नसावेत.

मला त्यांनी ओळखलं नाही. जीपला ओळखलं. बॉनेटवर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "डाक्टर साब की बच्ची?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी बच्ची म्हटलं तर राग यायला हवा. मला रडू आलं, उगाचच.

नानांचं आणि त्यांचं जुनं आहे. एकदा जीप दुरुस्तीला आणलेली असताना उस्तादांची म्हैस अडली. नाना बाह्या सरसावून या खड्ड्याशेजारी सहा तास बसले होते. म्हैस वाचली, रेडकूही वाचलं. त्या दिवसापासून उस्तादांनी आमच्या जीपला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

उस्तादांना आता ऐकू येत नाही. हे मला तासाभराने कळलं, कारण ते लपवतात. इंजिन चालू करायला सांगितलं आणि ते एक लांब लाकडी दांडी घेऊन वाकले. दांडीचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. तसेच ते टोक इंजिनावर इकडून तिकडे नेत राहिले, जणू नाना स्टेथोस्कोप सरकवत आहेत. मग दांडी काढून म्हणाले, "एक वॉल्व ढीला है. बाकी दिल मजबूत है इसका." कानाने जाणारं दातांनी ऐकायचं, ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. त्यांच्याशी बोलताना मात्र समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं लागायचं.

पुढचे पाच दिवस मी डब्यावर बसून काढले. उस्ताद खड्ड्यात आणि मी वर, मागतील तो पाना देत. त्यांनी पाटे उतरवून एकेक पट्टी रॉकेलने धुतली, मोडलेल्या दोन बदलल्या आणि मध्ये वंगण भरून परत बांधल्या. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिना कुठल्याशा जुन्या ओळखीतून मागवल्या. त्या बसल्यावर स्टिअरिंगचा सैलपणा गेला. सकाळी ते खिचडी मागवायचे, सोबत चिंचेचं आंबट पाणी, त्याला ते खट्टा म्हणतात, आणि पापड. आमच्याकडे खिचडी म्हणजे घरात कुणीतरी आजारी. इथे लोक धडधाकट असताना सकाळी सकाळी खिचडी खातात, हे पाहून मला दोन दिवस उगाच काळजी वाटत राहिली.

भिंतीपलीकडून घोडे फुरफुरल्याचा आवाज यायचा. तो ऐकून नाना काय म्हणाले असते ते मी उस्तादांना सांगायची आणि ते ऐकल्यासारखं हसायचे. मी रोज संध्याकाळी घरी फोन करायची. भाऊ फोन नानांच्या कानाला लावायचा. ते एकच शब्द बोलायचे, "झाली?"

"होत आली, नाना."

पाचव्या दिवशी उस्तादांनी मला गाडी फिरवून आणायला लावली. मी गल्ल्या सोडून मोठ्या रस्त्याने पार आबिड्सपर्यंत गेले आणि पोस्टाला वळसा घालून परत आले. जीप पन्नासवरही थरथरली नाही. सिग्नलला थांबले तर इंजिनाचा आवाज असा सरळ, एका सुरात येत होता की बाजूचा स्कूटरवाला वळून बघायला लागला. किती दिवसांनी मी इतकी खूश झाले होते. नानांना पुढे बसवायचं, मागे उशी, डाव्या बाजूला पट्टा, हे सगळं मी त्या सिग्नललाच ठरवून टाकलं.

सहावा दिवस

शेवटचं काम उरलं होतं, चेसिसचं. चेसिस म्हणजे गाडीचा पाठीचा कणा, दोन लांब लोखंडी पट्ट्या. त्यातल्या डाव्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, गाडीचा नंबर ठोकलेला असतो. पाटीवरचा नंबर वेगळा, तो कुणीही रंगवील. हा लोखंडात उमटवलेला असतो. तपासणीत तो वाचतात, त्याचा फोटो घेतात. तो आणि नोंदणीच्या पुस्तकातला जुळला तरच गाडी खरी.

उस्ताद रॉकेलचा बोळा घेऊन वाकले. रंग पुसला, परत पुसला. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग बोट फिरवलं. बोट फिरवतच राहिले.

"बेटी, इधर आ," ते म्हणाले. "तू देख. मेरी नजर कमजोर है."

मी पाहिलं. लोखंड गुळगुळीत होतं. टॉर्च लावली, तिरकी धरली. कुठे एक बारीकसा खड्डा, कुठे अर्धी रेघ. नंबर नव्हता.

"पतरे पे होंगा," उस्ताद म्हणाले. गाडीत चालकासमोरच्या फळीवर एक पितळेची पट्टी असते, तिच्यावरही तो नंबर कोरलेला असतो. पट्टी होती. जुन्या नाण्यासारखी सपाट, पिवळीधमक, लखलखीत. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

मी डब्यावर बसले. मला कळायला फार वेळ लागला नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोरच तर झालं होतं.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात. बाकीचे लोक गाडी पाण्याने धुतात, हार घालतात आणि मोकळे होतात. नानांचं तसं नव्हतं. ते सकाळीच जीपखाली आडवे व्हायचे आणि तारेच्या ब्रशने चेसिस घासायचे. नंबराची जागा तर दोनदा. "गंज आधी नंबर खातो," असं म्हणायचे. वर पॉलिश पेपर मारायचे, मग तेलाचा हात, मग काळा रंग. आणि फळीवरची पितळेची पट्टी माझ्याकडे असायची. चिंच आणि मीठ घेऊन मी ती देवघरातल्या समईसारखी घासायची. नाना वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून. चेहरा दिसला पाहिजे." एकही वर्ष चुकलं नाही. आई गेली त्या वर्षी सुतक होतं, पूजा नव्हती, पण जीप घासली होती.

गंजाने खाल्ला नसता इतका नंबर आम्ही दोघांनी मिळून घासून काढला होता. आणि इतकी वर्षं हे कळलं नाही, कारण नोंदणीचे कागद एजंट करायचा. त्याच्याकडे कधीकाळी पेन्सिलने काढून घेतलेला नंबराचा छाप होता, तोच तो दरवेळी लावायचा. गाडीखाली कुणी वाकलंच नव्हतं. आता एजंटही नाही आणि फोटो समोर उभं राहून काढतात.

ओळखीतले आरटीओतले एक निवृत्त कारकून आहेत, त्यांना मी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "ताई, अर्ज करता येतो. मग पोलीस तपास, मग प्रयोगशाळा. तिथे औषध लावून अंक उठतात का बघतात. उठले तर नवीन ठोकून मिळतात. नाही उठले, तर मग भंगारच समजा."

उस्तादांनी माझ्या तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं. ते आत गेले आणि एक काळी बाटली घेऊन आले. "पोलीसवाले भी येइच करते," ते म्हणाले. बाटलीत तेजाब होतं, त्यात आणखी काहीतरी कालवलेलं. लोखंडावर अंक ठोकला की वरची खूण झिजली तरी आत मार बसलेला राहतो, तेजाब लावलं की तो वर येतो, असं त्यांनी मला समजावलं. काडीला कापूस गुंडाळून त्यांनी लोखंडावर एक हात फिरवला. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग धुक्यातून यावा तसा एक तीन वर आला. मग एक सात. मग काहीतरी शून्य किंवा सहा. मी पुस्तक उघडून एकेक अंक ताडून पाहत होते. त्यांनी आणखी दोनदा हात फिरवला. पुढे काही आलं नाही. थोड्या वेळाने तो तीनही गेला.

"बहोत गहरा घिस दिये, डाक्टर साब," उस्ताद म्हणाले. आवाजात दोष देणं नव्हतं. उलट कौतुकच असावं, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला नाही.

सातवा दिवस

सकाळी गेले तर उस्तादांनी गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. पाटावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात शून्य ते नऊ अंकांचे पोलादी ठसे होते, बोटाएवढे.

"ये काम मैं आज तक नै करा," ते म्हणाले. "चोरी की गाडियां लेके लोगां आते थे, मेरे सामने पैसे रखते थे. मैं नै करा. लेकिन ये चोरी की नै है. ये मेरे हाथ की गाडी है. किताब में जो नंबर है, वोइच मारना है. डाक्टर साब के वास्ते मैं मार देतूं."

खोटं सांगत नाही, मी नको म्हटलं नाही. मनात मी त्याच क्षणी हो म्हटलं होतं. नंबर आमचाच, गाडी आमचीच, कुणाचं काय जात होतं? मी पुस्तक उघडलं आणि खडूने लोखंडावर तो नंबर शाळेत शिकवताना फळ्यावर लिहायची त्या अक्षरात लिहिला, एकेक अंक सुटा. उस्तादांनी पहिला ठसा निवडला, टेकवला आणि हातोडी उचलली. मग ठसा उचलून परत टेकवला. पाच दिवस मी तो हात पाहत होते. त्या हाताने एकदा लावलेला पाना कधी परत लावून पाहिला नव्हता.

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल, जी आम्ही घरातही बोलत नाही. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला असतो. जनावर मेलं की डॉक्टर तो बिल्ला बघून दाखला देतो, मगच विमा मिळतो. माझा मामा, गणपतमामा, त्याची गाय वीज पडून मेली. बिल्ला कानातून कधीतरी गळून हरवला होता. गाय तीच होती, हे नानांना पक्कं माहीत होतं. तिची दोन वेतं त्यांनीच सोडवली होती. मामाने हात जोडले, आईने पदर पसरला. नाना म्हणाले, "बिल्ला नाही तर माझ्या लेखी ते जनावर नाही." दाखला दिला नाही. मामा उठून गेला तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. त्यानंतर आई दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, तशी. ताट घेऊन मी शेजारी उभी असायची. नाना त्या वेळी घरात दिवा न लावता बसून राहायचे.

हातोडी वर गेली आणि मला आईचं ते ताट दिसलं. मामाची गाय खरी होती, तरी चाललं नाही. मग आमची जीप खरी आहे म्हणून आता चालवून घ्यायचं, तर आईने तो चंद्र कशासाठी ओवाळला?

"उस्ताद, नक्को," मी म्हणाले.

मी बाजूला उभी होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. त्यांनी वळून माझ्या ओठांकडे पाहिलं.

"नक्को," मी परत म्हणाले.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. ठसा डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि कपाळ पुसलं. त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. खडूचे अंक त्यांनीच बोळ्याने पुसले.

दुपारी आक्काला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी हात थांबवून ऐकत राहिली. "बरोबर केलीस," ती म्हणाली. मग भाकरी उलटत, "पण तुझी आई, माझी मावशी असती ना, तर तुझ्या नानांना काय बोलली असती काय की."

परत

चेसिसची उरलेली डागडुजी आणि रंग होईपर्यंत महिना संपला आणि मुदतही संपली. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही हा नानांचा नियम. जीप टेम्पोवर चढवली. पुढची दोन चाकं दोरांनी बांधली, लंगडं जनावर दवाखान्यात नेताना बांधतात तशी. उस्ताद पूर्ण वेळ बाजूला उभे होते. निघताना त्यांनी त्या लाकडी दांडीचं टोक शेवटचं एकदा इंजिनावर टेकवलं. इंजिन बंद होतं, तरी दांडी दातांत धरून डोळे मिटले. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनी सांगितलं नाही. "डाक्टर साब कू मेरा सलाम बोलना," एवढंच म्हणाले.

टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून मी उदगीरला आले. पाऊस नव्हता, इंजिन बंद पडलं नाही, कुणीही जीप विकायची का म्हणून विचारलं नाही. जाताना अख्खा दिवस लागलेला रस्ता पाच तासांत संपला.

नानांना मी सांगितलं की गाडी झाली, कागद व्हायचेत. अर्धं खरं होतं. अर्ज केला होता, पण प्रयोगशाळेत काय निघणार ते मी मलकपेठलाच पाहून आले होते. ते रोज विचारायचे आणि मी रोज तेच सांगायची.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी मला हाक मारली. चाकाच्या खुर्चीतून त्यांना शेडमध्ये नेलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी उंबरठा ओलांडला. मी हार केला होता, हळदकुंकू ठेवलं होतं. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"ब्रश. आणि चिंच."

मी दोन्ही आणून दिलं. मी तरी काय करणार होते? खुर्ची जीपच्या पुढच्या डाव्या चाकाला लावली. ते पुढे वाकले, हात आत घातला आणि आंधळ्यासारखं चाचपत नंबराची जागा शोधली. ब्रशने दोनदा घासलं. मग ब्रश मांडीवर ठेवून अंगठा फिरवला. परत फिरवला. उस्तादांनी फिरवला होता तसाच.

"बिल्ला गेला," ते म्हणाले. अडखळले नाहीत.

"हो, नाना."

"मीच घासला."

"गंज होता," मी म्हणाले. "गंजानेच खाल्ला."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण ते जीपकडे बघत नव्हते. शेडच्या दारातून अंगणात बघत होते, जिथे आई ताट घेऊन उभी राहायची.

"देवणी राहू दे," ते म्हणाले. "शैले, गणपत आहे का गं?"

"नाही, नाना. मामाला जाऊन सहा वर्षं झाली."

त्यांनी मांडीवरचा ब्रश माझ्या हातात दिला. मग चिंचेची वाटी दिली.

"आत ने," म्हणाले. "आमटीला होईल."